वर्तुळाबाहेरची माणसं

पर्यावरणाची काळजी वाहणाऱ्या लोकांना थंडी फार प्रिय असते, असं माझं जुनं मत आहे. नाशिकबाहेरच्या त्या हॉटेलात परिणाम मूल्यांकन परिषदेचा दुसरा दिवस होता आणि सभागृहातला एसी इतका वाढवलेला होता, की पक्ष्यांवाले आणि जंगलवाले सगळे शाली गुंडाळून बसले होते. प्रत्येकाला गळ्यात घालायला ओळखपत्र, एक कापडी पिशवी आणि प्लॅस्टिकमध्ये करकचून बांधलेलं तुळशीचं रोप मिळालं होतं. माझ्या ओळखपत्रावर ‘डॉ. मोनाली धिंदळे, भूजलतज्ज्ञ’ असं छापलं होतं. जमिनीखालचं पाणी कुठून येतं, कुठे जातं आणि वर काही बांधलं की त्याची वाट कशी बदलते, हे सांगायचं माझं काम. वाट बदलणार नाही, एवढंच ऐकायला लोक मला बोलावतात, ही गोष्ट वेगळी.

नाश्त्याच्या रांगेत उभी होते तेव्हा दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ किसन. तो आमच्या गावी, झिरेवाडीला राहतो.

“मोने, तू तिथंच हायेस ना, त्या बोगद्यावाल्यांच्यात?”

“हो दादा. दुपारी त्यांचंच सत्र आहे.”

“मंग तेवढं इचार. आपलं झिरं ऱ्हाईल का न्हाई. ऱ्हाणार आसंल तर गणूसाठी वरल्या अंगाला घराचा पाया खणतो. पल्लवीचे दिस भरत आलेत. पोरगं नव्या घरात रांगंल.”

“विचारते.”

“इचारते म्हणू नको. इचार.”

गणू त्याचा मुलगा आणि पल्लवी सून. झिरेवाडी डोंगराच्या सोंडेवर आहे आणि अख्ख्या वाडीला पाणी एकच, खडकाच्या पोटातून झिरपणारं ते झिरं. मे महिन्यात तिथे वाटीवाटीने हंडा भरावा लागतो, पण भरतो. लहानपणी मी तासन्‌तास त्या खडकापाशी बसून विचार करायचे, की हे येतं कुठून. पुढे त्याच प्रश्नावर मी पीएच.डी. केली.

बोगद्यावाल्यांचा प्रकल्प वाईट नव्हता, हे आधीच सांगते. डोंगरावर एक तळं, पायथ्याशी एक तळं, मधे बोगदा. दुपारी उन्हाची वीज उतू जाते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, संध्याकाळी ते सोडून दिवे लावायचे. वीज लागतेच आणि ती धुराविना मिळाली तर कुणाला नको आहे. भानगड बोगद्याची असते. आपला काळा पाषाण दिसायला अखंड, पण आतून भेगाळलेला. खाली भोक पाडलं, की दूरदूरच्या भेगांमधलं पाणी तिकडे उतरायला लागतं. किती दूरचं, हे खडकाला विचारावं लागतं, आणि तो लगेच उत्तर देत नाही.

म्हणूनच पणतू आलं. तुम्ही या धंद्यातले नसाल तर दोन शब्दांत सांगते. पूर्वी प्रकल्पाआधी जनसुनावणी व्हायची. मांडव घालायचे, आजची माणसं यायची आणि भांडायची. पण धरण शंभर वर्षं टिकतं आणि भांडणारा तीस वर्षांत जातो. तेव्हा ज्यांना ते धरण घेऊन जगायचं आहे, त्यांना विचारायला नको का, असा प्रश्न कोर्टात निघाला आणि भावी सुनावणी कायद्यात आली. त्यासाठी जे यंत्र बनलं त्याला अभियंत्यांनी लाडाने पणतू नाव दिलं. एखाद्या परिसरातल्या माणसांच्या आरोग्याच्या नोंदी, शिरगणती, पिकं, विहिरी, लग्नं, स्थलांतरं आणि येऊ घातलेलं हवामान, असं सगळं ते पोटात घेतं, त्यातून हजारो भविष्यं चालवतं आणि त्यातलं सर्वांत संभवनीय निवडतं. मग त्या भविष्यातल्या माणसांना तोंड आणि वाचा देतं. ती माणसं खरी नसतात, पण त्यांचं जगणं मोजलेलं असतं. पन्नास वर्षांनी तिथे राहणारी बाई पडद्यावर येते आणि तुम्ही विचाराल त्याचं उत्तर देते.

ही सुनावणी तज्ज्ञांच्या उघड सभेत घ्यायची, हा त्यातला शेवटचा नियम. सभा संपेपर्यंत कुणी हरकत घेतली नाही तर सुनावणी मंजूर, प्रकल्प मंजूर.

या प्रकल्पाची सुनावणी घेणार होता अभिराम सोवनी. अभिराम आणि मी पुण्याला एका वर्गात होतो. मी मराठीत बोलले तरी वर्ग हसायचा, त्या दिवसांत हा माझ्या शेजारी बसायचा आणि मुद्दाम माझ्यासारखं बोलायचा, म्हणजे लोक आम्हा दोघांना हसतील. असा माणूस. आता त्याची मोठी कंपनी आहे आणि राज्याच्या मूल्यांकन समितीवर भूजलाच्या जागेसाठी माझं नाव त्यानेच सुचवलं होतं. पुढच्या महिन्यात नेमणूक व्हायची होती. ती जागा मला हवी होती, यात लाजण्यासारखं काही नाही.

दुपारी दिवे मंद झाले. पडद्यावर ओटा आला, ओट्यावर खाट आणि खाटेवर चाळिशीची एक बाई. केस मागे बांधलेले, हातात शेंगा. ती शेंगा सोलत होती. सोलत असल्याचा आवाजही येत होता.

“या आर्या बांडे,” अभिराम म्हणाला. “जन्माला यायला अजून बराच अवकाश आहे.”

सभागृह हसलं. बाईने वर पाहिलं आणि तीही थोडं हसली. मला ते आवडलं नाही.

अध्यक्षस्थानी खानोलकर बाई होत्या, समितीतल्या सर्वांत ज्येष्ठ. त्यांनी ठरलेले प्रश्न विचारले. पाणी येतं का? येतं, दोन्ही वेळा. शेती? भात होतो, तळ्याच्या कडेला भाजीही होते. मुलं? एक वीजकेंद्रात आहे, एक शिकतंय. अभिरामचा चेहरा खुलत चालला.

“काही त्रास?” बाईंनी विचारलं. हाही ठरलेलाच प्रश्न.

आर्या बांडेचे हात थांबले. “तसा त्रास नाही,” ती म्हणाली. “फक्त ते पलीकडचे येतात ना, त्याचं जरा वाटतं.”

“कोण पलीकडचे?”

“ओहोळाच्या पलीकडचे. रोज सकाळी तळ्यावर येतात, हंडे घेऊन. भरतात आणि उभे राहतात. बोलत नाहीत. आपण बोललो तरी नुसते उभे.”

“त्यांना ओळखता का?”

“कसं ओळखणार? तोंडाकडे बघितलं तरी ध्यानात राहत नाही.” तिने एक शेंग उचलली आणि तशीच धरून ठेवली. “मी लहान होते तेव्हापासून तेच आहेत. म्हातारे होत नाहीत. एक बाई आहे त्यांच्यात, पोटुशी. माझ्या आईनंही तिला पोटुशीच बघितलीय.”

सभागृहात कुणीतरी खोकलं.

अभिरामने हसून माइक घेतला. “घाबरू नका. ही सीमेवरची माणसं आहेत. यंत्राचा दोष.”

त्याने समजावलं ते बरोबरच होतं आणि त्या सभागृहात ते माझ्याइतकं कुणाला कळलं नसेल. कारण पाण्याच्या गणितातही आम्ही तेच करतो. अभ्यासाला एक वर्तुळ आखायचं. आतलं सगळं बारकाईने मोजायचं. बाहेरचं मोजत बसलं तर जगाला अंत नाही, म्हणून बाहेर काय आहे ते एकदाच पाहायचं आणि तो आकडा कायमचा गोठवून कडेला लावून टाकायचा. बाहेरून आत काय येतं एवढंच गणिताला लागतं. पणतूने वर्तुळाबाहेरच्या वस्तीची आजची शिरगणती आणि आजच्या आरोग्यनोंदी उचलल्या आणि पन्नास वर्षं तशाच ठेवल्या. त्या माणसांना मन दिलं नाही, वय दिलं नाही, तोंड दिलं नाही. पण त्यांचं पाणी आटत गेलं हे आतल्या खडकाच्या गणिताला कळलं आणि त्याने त्यांना रोज सकाळी हंडे देऊन तळ्यावर पाठवलं.

ओहोळाच्या पलीकडे वस्ती एकच आहे, आमची. आणि आरोग्य उपकेंद्रात नाव नोंदवलेली पोटुशी बाई त्या वस्तीत सध्या एकच आहे.

मी हात वर केला. “वर्तुळ कुठून मोजलंय?”

“प्रकल्पाच्या मध्यबिंदूपासून. दहा किलोमीटर.” अभिराम माझ्याकडे बघत होता. “सगळेच तसं मोजतात, मोनाली.”

खरं होतं. नियमात ‘प्रकल्पापासून दहा किलोमीटर’ एवढंच लिहिलं आहे. पण हा प्रकल्पच डोंगरभर पसरलेला. मध्यातून मोजलं तर वर्तुळाची कड त्याच्या कुंपणाला लागून जाते. आमच्या धंद्यात ही चूक मानत नाहीत, पद्धत मानतात.

“हद्दीपासून मोजून बघता येईल?” मी विचारलं. “दोषही निघून जाईल.”

शेवटचं वाक्य मी का जोडलं, ते मला सांगता येत नाही. खानोलकर बाईंना मात्र ते पटलं. चहाच्या सुट्टीत यंत्र पुन्हा चालवावं, असं ठरलं.

चहाला अभिराम माझ्याजवळ आला. “ते तुझं गाव आहे ना?” तो हळूच म्हणाला.

“हो.”

“मग शहाणी असशील तर गप्प राहा. ते वर्तुळात आलं आणि तू तोंड उघडलंस, की तू बाधित होतेस. बाधिताला समितीवर घेत नाहीत. आत ये आधी. आत आलीस की अशा दहा वाड्यांचं भलं करशील.”

त्याला माझी खरीच काळजी होती. माझा राग निघेना तो त्यामुळेच. मी बिस्कीट खाल्लं आणि मान हलवली.

सुट्टी संपली. पडद्यावर पुन्हा तोच ओटा, तीच खाट, तीच बाई. शेंगा सोलणं चालू. खानोलकर बाईंनी प्रश्न विचारले आणि उत्तरं तीच आली.

“आणि ते पलीकडचे?”

“कोण पलीकडचे?” आर्या बांडेने विचारलं.

“ओहोळाच्या पलीकडून येणारे. हंडे घेऊन.”

“पलीकडं रान आहे.” तिला गंमत वाटल्यासारखी दिसली. “तिथं कोण राहील? पाणी कुठाय तिथं?”

“आणि ती पोटुशी बाई?”

“कुठली बाई?”

अभिरामने तक्ता दाखवला. मोठ्या वर्तुळात झिरेवाडी आता नीट मोजली गेली होती. पाणी संपत जातं, कुटुंबं एकेक करून निघून जातात, पंचवीस वर्षांत वस्ती रिकामी. पणतूच्या भाषेत ‘स्वेच्छा स्थलांतर’. पुढे गुणांकन होतं. परिणाम सोसणारं कुणी जागेवर असेल तरच परिणाम मोजतात, हा आमचा जुना नियम आहे. सोसणारे उरलेच नव्हते, त्यामुळे तळाशी शून्य होतं. प्रकल्पाचे गुण पहिल्यापेक्षा वाढले होते.

“दोष गेला,” अभिराम म्हणाला.

टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या. इतक्या वेळ जे अंगावर काटा आणत होतं ते गेलं, म्हणून लोक सुटल्यासारखे टाळ्या वाजवत होते. माझ्या दोन्ही बाजूचे लोक वाजवत होते. मी माझे हात पाहिले तेव्हा तेही एकमेकांना लागले होते.

समारोपाला थोडा वेळ होता. मी बाहेर आले. बाहेरच्या दालनात कंपन्यांचे गाळे होते आणि पणतूवाल्यांच्या गाळ्यावर प्रत्येक प्रतिनिधीला एकदा फुकट चालवून बघायची सोय होती. तिथल्या बाईंनी माझं ओळखपत्र लावून यंत्र सुरू केलं, कानाला लावायला हेडफोन दिला आणि विचारलं, “वर्तुळाचा मध्य कुठे घेऊ?”

आजवर कुणी झिरेवाडीत मध्य घेतला नसावा. नकाशावर बोटाने शोधून द्यावा लागला.

“आणि कोणाशी बोलायचंय?”

“तिथल्या आजच्या नोंदींत जी सर्वांत लहान आहे, ती. पन्नास वर्षांनंतरची.”

यंत्राची लहान प्रतिकृती असल्याने चेहरा नव्हता, नुसता आवाज होता. आधी रहदारीचा गोंगाट आला. मग एका बाईने गळा साफ केला.

“बोला.”

“नाव काय तुझं?”

“नाव रिकामं आहे,” ती म्हणाली. “अजून ठेवलेलं नाही. मी पल्लवीची.”

ती पल्लवीसारखीच बोलत होती, शब्द संपताना थोडा ओढून.

“कुठे राहतेस?”

“शहराच्या कडेला. कुठलं ते सांगितलं तरी उपयोग नाही, तुमच्या वर्तुळात ते येत नाही.”

“झिरं कधी आटलं?”

“मी तिसरीत होते. आधी सकाळचं गेलं, मग संध्याकाळचं. आजोबा सगळ्यांत शेवटी निघाले. घराचा पाया खणून ठेवला होता, त्यात पावसाचं पाणी साचायचं. म्हशी प्यायच्या. तुम्ही आत्याआजी ना?”

“तुला कसं कळलं?”

“ओळखपत्र लावून यंत्र सुरू केलंत. आणि त्या सभेत तुम्ही होतात. इतिवृत्तात हजर असलेल्यांत तुमचं नाव आहे. हरकत, कुणाचीही नाही.”

यात गूढ काही नव्हतं. आत सत्र चालू असताना इतिवृत्त लिहिलं जातं आणि पणतू ते त्याच क्षणी वाचून घेतं. त्याला आतापर्यंत जे दिसलं त्यावरून त्याने पुढची पन्नास वर्षं मांडली होती. हे मला ठाऊक होतं.

“घरी काही म्हणतात का मला?” मी विचारलं. असला प्रश्न शहाण्या माणसाने यंत्राला विचारू नये.

“नाही. आई कधी बोलायची थोडं. पण आजोबा बोलू द्यायचे नाहीत.” तिचा आवाज साधा होता, त्यात तक्रार नव्हती. “ते शेवटपर्यंत म्हणायचे, तिनं इचारलं असंल. ती इचारल्याबिगर ऱ्हायची न्हाई.”

तो दादाचा आवाज नव्हता. दादाच्या बोलण्याचा हिशेब होता, कुठल्या तरी सरकारी फोनवरच्या नोंदींतून उचललेला. पण हुबेहूब होता, आणि माझ्या दादाने तसंच म्हटलं असतं. मला तिथेच रडू आलं. गाळ्यावरच्या बाईंनी सवयीने टिश्यूचा डबा पुढे केला. त्यांच्याकडे तो ठेवलेलाच असतो, असं दिसलं.

“अजून काही विचारायचंय?” कानातली बाई म्हणाली.

“नाही,” मी म्हणाले. “आता तुला नाही.”

मी आत शिरले तेव्हा खानोलकर बाई आभार मानत होत्या. मंचावर अभिराम बसला होता. खालच्या टेबलाशी इतिवृत्त लिहिणाऱ्या बाई शेवटच्या ओळीवर आल्या होत्या.

“कुणाची हरकत नसल्यास...” खानोलकर बाई म्हणाल्या.

“आहे.”

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. सगळे वळले. अभिरामने मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. वर्गात माझ्यासाठी हसू झेलायचा तेव्हा त्याचे डोळे असेच असायचे. त्याचं मन मोडताना मला वाईट वाटलं, ते अजूनही वाटतं.

“डॉ. धिंदळे,” खानोलकर बाई म्हणाल्या, “तज्ज्ञ म्हणून हरकत घ्यायची तर पुरावे जोडावे लागतात, आणि त्याची मुदत गेली. तुम्हाला हे माहीत आहे. आपण कोण म्हणून बोलताय?”

“बाधित म्हणून.”

त्या शब्दाची किंमत तिथे सगळ्यांना ठाऊक होती. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी आपल्या ओळखपत्राशी उगाच चाळा केला.

“मी झिरेवाडीची,” मी म्हणाले. “माझा भाऊ तिथे राहतो. त्याची सून बाळंत व्हायची आहे. वाडीला पाणी एकच आहे आणि ते या बोगद्याने जाणार, हे तुमच्याच यंत्राने आत्ता दाखवलं. तुम्ही त्याला शून्य म्हणालात. भाऊ विचारतोय, त्याने घराचा पाया खणायचा का नाही. त्याला उत्तर द्या.”

इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंनी मान वर केली. इतक्या वेळात त्या पहिल्यांदाच बोलल्या.

“गावाचं नाव परत सांगता?”

मी सांगितलं. त्या टंकू लागल्या, पण मागून कुणीतरी चटकन म्हणालं, की अधिकृत सुनावणी पहिल्या वर्तुळाची आहे आणि हे गाव त्यात येत नाही. बाईंची बोटं थांबली. त्यांनी मंचाकडे पाहिलं. मंचावरून कुणीच काही म्हणालं नाही, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“येत नाही,” मी म्हणाले. “तरी लिहा.”